महिपाळगडाची एक दिवसाची पायपीट : आधी परतीचा हिशेब, मग चढाई

शनिवार-रविवारी बेळगावकरांची गर्दी राजहंसगड आणि आंबोलीकडे वळते. महिपाळगडावर त्या मानाने शांतता असते. गड कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात असला तरी बेळगावला जवळ. वेंगुर्ले रस्त्याने शिनोळी, तिथून आत देवरवाडी, डोंगरउतारावर वैजनाथाचं देऊळ आणि वर गड. माथ्यावर गाव नांदतं आहे, तिथवर गाडीरस्ताही आहे. पण देवळाकडून पायी चढायचं तर दिवसाची नीट आखणी हवी. रानवाटेत पाय मुरगळला तर हाक ऐकायला कुणी असेलच असं नाही.

हंगाम : ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात दाट धुकं, निसरडी वाट आणि जळवा. मार्चपासून उन्हाचा तडाखा. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. त्यामुळे चूल आणि विडी-सिगारेट दोन्ही बंद.

वेळेचा हिशेब : विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही वापरतात. ढोबळमानाने तासाला ५ किलोमीटर चाल, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. समजा, जाऊन-येऊन ८ किलोमीटर चालायचं आहे आणि चढ ३०० मीटर आहे. हिशेब दोन तासांच्या थोडा वर जातो. पण हा सराव असलेल्या माणसाचा वेग. सोबत मुलं, वडीलधारी मंडळी असतील, शिवाय जेवण आणि फोटो धरले, तर दुप्पट वेळ राखून ठेवावा.

डिसेंबरच्या सुरुवातीला इकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत अंधार त्याआधीच पडतो. म्हणून सकाळी आठला चढाई सुरू करावी आणि मागे फिरण्याची वेळ आधीच ठरवावी. दुपारी बारा ठरले तर बारा. माथा हाताशी दिसत असला तरी फिरायचं. गड कुठे पळून जात नाही.

सोबत काय : माणशी ३ लिटर पाणी, भाकरी-चटणी किंवा दशम्या, गूळ-शेंगदाणे, टोपी, बॅटरी, शिट्टी, पट्टी. बूट जुनेच घालावेत. नवे बूट हमखास चावतात. आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा, धूर, अत्तर टाळून लांबून निघून जावं. चंदगड तालुक्यात गवे आणि हत्तींचा वावर आहे. निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये; तो अवयव स्थिर ठेवून थेट सरकारी दवाखाना गाठावा.

परतीची गाडी : बसने जाणाऱ्यांनी शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच कंडक्टरला विचारून घ्यावी. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन राज्यांमधल्या बसफेऱ्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये प्रवाशांनी ते अनुभवलं. अशा दिवसांत बेत पुढे ढकललेला बरा.

मदत मागताना : ११२ आणि १०८ हे क्रमांक महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे चालतात. मात्र सीमेवर मोबाइल कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल, याचा नेम नाही. त्यामुळे फोन लागताच आधी पूर्ण ठिकाण सांगावं : महिपाळगड, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. मग काय झालं ते. नुसतं 'गडावर आहोत' म्हटलं तर समोरच्याला उलगडा होत नाही आणि मोलाची मिनिटं वाया जातात.

शेवटचं काम घर सोडण्यापूर्वीचं. कोण कोण चाललंय, कुठल्या वाटेने, किती वाजेपर्यंत खाली उतरणार, हे कागदावर लिहून घरी ठेवावं. आणि खाली पोहोचताच घरी फोन करायला विसरू नये. नाहीतर आपण चहा पीत बसलेलो आणि घरचे गावभर शोधत सुटलेले, असं व्हायचं.