मीठ (ख्रिस्ती प्रतीक)

ख्रिस्ती श्रद्धेत मीठ हे निष्ठा, शुद्धता आणि सलोखा यांचे प्रतीक आहे. मूळ यहुदी परंपरेतले. बायबलमधील लेवीय (२:१३) प्रत्येक अन्नार्पणात मीठ घालायला सांगते. गणना (१८:१९) आणि दुसरे इतिहास (१३:५) यांत मिठाचा करार म्हणजे कायमचा, न मोडणारा करार. खाल्ल्या मिठाला जागणे ही रीत ज्याच्या घरात आहे त्या वऱ्हाडी वाचकाला हा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५:१३) येशू आपल्या शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हणतो आणि लगेच बजावतो, की खारटपणा गेलेले मीठ फेकून देण्याच्याच लायकीचे. पण मीठ अळणी होते तरी कसे? शुद्ध मिठाची चव जात नाही. मृत समुद्राकाठच्या मिठात मात्र जिप्सम आणि माती मिसळलेली असे. ओल लागली की खारट भाग आधी विरघळून जाई आणि दिसायला मिठासारखाच, पण बेचव गाळ उरे. सेमाडोहसारख्या गावी हे ताडून पाहता येते. चिखलदरा तालुक्यातल्या सिपनाकाठच्या या गावात पावसाची झड लागली, की मडक्यातल्या खडेमिठाला पाणी सुटते. ओल ओढून घेते ते त्यातले मॅग्नेशियम क्लोराइड. पाणी निथळत राहिले, की मडक्यातले मीठ झिजते आणि कचकच तळाशी राहते. माणसाचा स्वभाव असाच हळूहळू, वरचे रूप न बदलता झिजतो. येशूचा रोख याच धोक्याकडे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सेमाडोह ज्या मेळघाटात आहे, तिथल्या कोरकू आदिवासींमध्ये ही शिकवण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोचली. एलिचपूर (आजचे अचलपूर) भागातून काम करणारे कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन त्यात प्रमुख होते. त्या डोंगरात मात्र मीठ पिकत नाही, ते खालून, परतवाड्याच्या बाजूने वर येते.

खालच्या सपाटीवर उलट स्थिती. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे. ते ओलिताला दिले तर जमीन बिघडते. अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे १९३० साली याच खाऱ्या पाण्यापासून मीठ करून कायदेभंग झाला. जमीन बिघडवणारी मिठाची ही बाजू बायबललाही ठाऊक आहे: शास्ते (९:४५) यात अबीमलेख जिंकलेल्या शखेम नगरावर मीठ पेरतो, तर दुसरे राजे (२:१९–२२) यात अलीशा संदेष्टा मीठ टाकूनच यरीहोचे वाईट पाणी गोडे करतो. बोलण्यालाही मीठ लागू होते: कलस्सैकरांस पत्रात (४:६) ते मिठाने रुचकर असावे, असा उपदेश आहे. मीठ रुचकर लागते ते प्रमाणात असेल तोवरच. खरे पण जिव्हारी लागणारे बोलून त्याला सडेतोडपणा म्हणणाऱ्यांना या वचनाचा आधार घेता येत नाही.

सर्वांत दुर्लक्षित वचन मार्कचे (९:५०). तिथे अंगी मीठ असणे आणि एकमेकांशी शांतीने राहणे या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. पंगतीत एकाच मिठाचे जेवलेल्यांनी वैर धरू नये, ही समजूत त्यामागे असावी.

रोमन कॅथलिक बाप्तिस्म्यात पूर्वी मुलाच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवत. १९६९ च्या सुधारित बालबाप्तिस्मा विधीत ते उरले नाही. पवित्र पाण्यात आशीर्वादित मीठ मिसळण्याची मुभा मात्र आजही आहे.