हत्तुसाच्या मातीच्या पाट्या

अंकाराहून सकाळी निघालेली आमची मोटार बोगाझकले गावाशी थांबली. हत्तुसा ती हीच. हित्ती सम्राटांची राजधानी. वाटाड्याने आधी सिंहद्वार दाखविले, मग तटाखालचा सुमारे ७० मीटर लांबीचा दगडी बोगदा. बाहेर पडून पाहतो, तो नुसते पाये आणि गवत! इजिप्तच्या रामसेसशी झुंजलेले हे राज्य इ. स. पू. १२०० च्या सुमारास लयाला गेले आणि जगाच्या स्मरणातूनही पुसले गेले.

१९०६ साली विंकलर आणि मक्रिदी यांनी येथे उत्खनन आरंभिले, तेव्हा लिहिलेल्या मातीच्या पाट्या हजारोंनी निघाल्या. एका तहात मितान्नी राज्याचे देव साक्षीला बोलाविले आहेत : मित्र, वरुण, इंद्र, नासत्य!

मला मात्र ओढ लागली ती मितान्नीच्या किक्कुलीची. रथाचे घोडे कसे तयार करावेत, हे त्याने सांगून ठेवले आहे. फेऱ्यांच्या संख्या सांगताना त्याचे शब्द येतात : ऐक, तेर, पंझ, सत्त. शाळामास्तराच्या कानाला ओळख पटायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून 'येथे आमचेच राज्य होते' अशी फुशारकी मात्र कोणी मारू नये. हित्तींची भाषा निराळ्या शाखेची. किक्कुलीचे हे आकडे तेवढे आपल्या जवळच्या नात्यातले. सम्राटांचे तट ढासळले, घोडे शिकविणाऱ्याची मोजणी उरली. सुटी संपली, की माझ्या वर्गातली पोरे पुन्हा एक, तीन, पाच, सात म्हणू लागतील. त्यांना दटावण्यापूर्वी आता मी क्षणभर ऐकत राहीन.