डॉक्टरचा मदतनीस आणि त्याची पदवी

इस्पितळात शिरणाऱ्या रोग्याची गाठ डॉक्टरशी पडण्यापूर्वी दुसऱ्याच माणसांशी पडते. जखम धुणारा ड्रेसर, औषध देणारा कंपाउंडर, रात्रभर उशाशी जागणारी परिचारिका. या माणसांच्या हातांत विद्या असते. परंतु त्या विद्येला नाव कोणते द्यावे आणि तिचा कागद कोणी द्यावा, हा वाद गेली दीडशे वर्षे चालू आहे.

आम्हांला हा वाद प्रथम ग्रंथात नव्हे, पगारपत्रकावर भेटला. एका इस्पितळात बावीस वर्षे काम केलेला एक ड्रेसर होता. नवे डॉक्टर पट्टी बांधण्याची रीत त्याच्याकडे पाहून शिकत. पगारपत्रकावर मात्र त्याच्या नावापुढे ‘अकुशल’ असा शेरा होता. वाटाघाटीत आम्ही हे पुढे मांडले, तेव्हा व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, “त्याच्या हाताला गुण आहे हे आम्हीही जाणतो. पण कागद कुठे आहे?” त्या दिवसापासून आम्ही या कागदाचा इतिहास धुंडाळू लागलो.

सुरुवात घरापासूनच करू. मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. पुण्यात 1878 साली बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा निघाली. कॉलेज आणि शाळा या दोन शब्दांतच दोन पायऱ्या होत्या. कॉलेजातून पदवीधर डॉक्टर बाहेर पडत. देशभरच्या अशा शाळांतून हॉस्पिटल असिस्टंट आणि पुढे लायसेन्शिएट तयार होत. त्यांचा अभ्यासक्रम आखूड, मान कमी, पगारही कमी. परंतु संख्येने तेच अधिक होते. 1943 साली नेमलेल्या भोर समितीने हिशेब मांडला, तेव्हा देशातील सुमारे 47,500 डॉक्टरांपैकी सुमारे 30,000 लायसेन्शिएट निघाले.

या समितीत मुंबईचे कामगार पुढारी ना. म. जोशीही सभासद होते. 1946 च्या अहवालात समितीने सांगितले की, यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा, म्हणजे पदवीधरच, तयार करावा. हेतू वाईट नव्हता. शहराला पहिल्या प्रतीचा डॉक्टर आणि खेड्याला दुसऱ्या प्रतीचा, हा भेद कोणत्याही न्यायी माणसाला खटकेल. त्याच वर्षी पुण्याच्या शाळेचे कॉलेज झाले. परंतु पदवीधर झालेला डॉक्टर बहुधा शहरातच राहिला, आणि मधली पायरी मात्र गेली ती गेलीच.

जी पायरी आपण काढून टाकली, तशीच एक पायरी वीस वर्षांनी अमेरिकेला नव्याने बसवावी लागली. तेथेही खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळेनासे झाले होते. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी 1957 च्या सुमारास थेल्मा इंगल्स या परिचर्या-शिक्षिकेच्या साहाय्याने अनुभवी परिचारिकांना वरचे शिक्षण देण्याचा प्रयत्न केला. पण परिचर्या-शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता दिली नाही. तेव्हा स्टेड यांची नजर आरमारातून सुटून आलेल्या वैद्यकीय शिपायांकडे वळली. जखमींची शुश्रूषा करून त्यांचे हात तयार झाले होते. परंतु गणवेश उतरला की नागरी इस्पितळात त्या हातांना ओळख नव्हती. आमच्या ड्रेसरचीच ही गोष्ट!

1965 साली असे चार शिपाई स्टेड यांनी घेतले. नऊ महिने वर्गात आणि पंधरा महिने रोग्यांजवळ असा दोन वर्षांचा क्रम होता. 6 ऑक्टोबर 1967 रोजी त्यांतील तिघे ‘फिजिशियन असिस्टंट’ म्हणून बाहेर पडले. त्यांना पदवी नव्हती, प्रमाणपत्र होते. 1969 साली वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड स्मिथ यांनी तीन महिने वर्ग आणि वर्षभर खेड्यातील डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी, असा क्रम सुरू केला.

पदवीची वाट या दोहोंच्या मध्ये, 1968 साली निघाली. वेस्ट व्हर्जिनियातील आल्डरसन-ब्रॉडस या लहानशा कॉलेजात डॉ. ह्यू मायर्स यांनी चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम काढला. मदतनीसही पदवीधर होऊ शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. पदवी आली म्हणजे बढतीची वाट मोकळी होते, हे आम्हां कामगारांना कोणी शिकवायला नको.

परंतु पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. पदवी प्रतिष्ठेची झाली, मग सक्तीची झाली. आता अमेरिकेत 2020 नंतर शिरलेल्या विद्यार्थ्याला या धंद्यासाठी पदव्युत्तर पदवीच घ्यावी लागते. ज्या चार शिपायांनी हा धंदा उभा केला, ते आज तेथे दाराशी आले तर आधीची पदवी नसल्यामुळे त्यांना आत शिरणे कठीण जाईल. आल्डरसन-ब्रॉडस तर 2023 साली बंदच पडले. वर चढण्यासाठी लावलेली शिडी हळूहळू आडवी झाली आणि तिचे कुंपण झाले.

आपल्याकडे हा धंदा 1992 साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी आणला. पुढे अनेक विद्यापीठांनी त्याची पदवी सुरू केली. 2021 साली संसदेने डॉक्टरांशी संलग्न अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. संलग्न व्यावसायिकाला किमान 2,000 तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान 3,600 तासांचे शिक्षण हवे, असे त्यात लिहिले आहे. हे योग्यच झाले. अर्धवट ज्ञानाने रोग्याचा जीव जातो, आणि रोग्यांत गरीबच अधिक असतात.

मात्र तासांचीच भाषा करावयाची तर आम्हीही एक हिशेब मांडतो. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, अशी बावीस वर्षे: आमच्या ड्रेसरचे 52,800 तास झाले. कामाचे तास म्हणजे अभ्यासाचे तास नव्हेत, हे आम्ही मान्य करतो. शरीररचना आणि औषधांचे मान त्यालाही पुस्तकातूनच शिकावे लागले असते. पण शिकण्यासाठी त्याला रात्रीचा वर्ग, पगारी रजा आणि परीक्षेला बसण्याची मुभा, यांपैकी काय मिळाले? काहीही नाही. तो निवृत्त झाला तो ‘अकुशल’ म्हणूनच.

आपल्यापैकी कित्येकांची मुले आज या पदवीसाठी पैसे भरीत असतील. त्यांनी ती अवश्य मिळवावी. आपल्यापैकी काही जण इस्पितळांच्या विश्वस्तमंडळांवरही असतील. त्यांना आमची एकच विनंती आहे. पदवीचे दार बांधाल तेव्हा त्याला दोन वाटा ठेवा: एक शाळेतून येणारी, आणि दुसरी वॉर्डातून येणारी. परीक्षा दोघांचीही एकच असू द्या. पण दुसऱ्या वाटेने येणाऱ्याला परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचू तरी द्या.