जीएसटी आला, तरी राज्याचे कर कायम

मुंबई : राज्यात १ एप्रिल २००५ रोजी विक्रीकराची जागा मूल्यवर्धित कराने (व्हॅट) घेतली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला. बहुतेक वस्तूंवरील व्हॅट त्यात विलीन झाला, तर मुंबईतील जकात संपुष्टात आली. मात्र, त्यामुळे राज्याचे सर्व कर संपले, हा समज चुकीचा आहे.

पेट्रोल, डिझेल व मद्यावर आजही व्हॅटच आकारला जातो. त्याची वजावट जीएसटीमध्ये मिळत नसल्याने डिझेलवरील कर मालवाहतूकदाराला खर्चातच धरावा लागतो.

१९७५ च्या कायद्यानुसार व्यवसाय करही कायम असून, त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. कर्मचाऱ्यांच्या वेतनातून हा कर कापून भरण्याची जबाबदारी मालकाची असते. कपात राहून गेली तरी ती टळत नाही. मासिक २५ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या महिलांना १ एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे. पूर्वी ही मर्यादा १० हजार रुपये होती.

राज्यांतर्गत केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यांना जीएसटी नोंदणीसाठी १ एप्रिल २०१९ पासून सर्वसाधारणपणे ४० लाख रुपये वार्षिक उलाढालीची मर्यादा आहे. तथापि, नोंदणीतून सूट मिळालेल्या दुकानदाराची व्यवसाय करातून सुटका होत नाही.