नलिनी मलानी : आठ वर्षं लागलेलं एक प्रदर्शन

नलिनी मलानी म्हटलं की आज आपल्याला 2012 सालचं कासेलचं डॉक्युमेंटा आठवतं, पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातलं मोठं प्रदर्शन आठवतं, 2023 चा क्योतो पुरस्कार आठवतो. आज मात्र आपण त्यांच्या वेगळ्याच कामाबद्दल बोलणार आहोत. एका चित्रकर्तीनं इतर चित्रकर्तींना एकत्र आणणं, हेही कलेच्या इतिहासातलं काम आहे. त्याची नोंद मात्र सहसा एका ओळीत आटोपते.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. जन्म 1946, कराची. फाळणीनंतर कुटुंब आधी कलकत्त्याला आणि मग मुंबईला आलं. 1964 ते 1969 जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. त्याच काळात भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये स्टुडिओ मिळाला. तिथे चित्रकार, नाटकवाले, संगीतकार सगळे शेजारी शेजारी काम करत. 1969 मध्ये अकबर पदमसींनी सुरू केलेल्या 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'मध्ये मलानींनी छायाचित्रं आणि फिल्म्स केल्या. तिथे त्या एकट्याच स्त्री कलावंत होत्या. 1981 च्या 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या प्रदर्शनातही तेच. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन आणि मलानी. सहा जणांत पुन्हा एकच बाई.

आता जरा मागे, 1979 मध्ये जाऊया. त्या वर्षी मलानी न्यूयॉर्कला ए.आय.आर. गॅलरीत गेल्या. 1972 मध्ये स्त्री कलावंतांनी स्वतः उभारलेली, स्वतः चालवलेली ही सहकारी गॅलरी. तिथे त्यांना नॅन्सी स्पेरो, मे स्टीव्हन्स, आना मेंडिएटा भेटल्या. भारतातही फक्त स्त्रियांचं प्रदर्शन करायचं, हा विचार तेव्हापासून पक्का झाला. पण पाठबळ मिळेना. अखेर 1987 मध्ये माधवी पारेख, नीलिमा शेख, अर्पिता सिंह आणि मलानी अशा चौघींचं 'थ्रू द लुकिंग ग्लास' उभं राहिलं. 1989 पर्यंत ते देशातल्या पाच बिगर-व्यावसायिक ठिकाणी फिरलं. म्हणजे बघा, कल्पनेपासून प्रत्यक्षात यायला आठ वर्षं!

यात धोकाही होताच. बायकांनी वेगळं प्रदर्शन भरवलं की 'बायकांची चित्रं' असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. पण या चौघी पाहा. माधवी पारेख गुजरातमधल्या खेड्यातून आलेल्या, कलाशाळेत न शिकलेल्या. नीलिमा शेख बडोद्यात घडलेल्या, लघुचित्रांच्या परंपरेशी बोलणाऱ्या. 1984 च्या 'व्हेन चंपा ग्रू अप' या त्यांच्या बारा चित्रांच्या मालिकेत हुंडाबळीची कथा आहे. अर्पिता सिंह दिल्लीच्या, विणकर सेवा केंद्रात काम केलेल्या. आणि मलानी लोहार चाळीतल्या स्टुडिओतून बाजारातली कष्टकरी माणसं रंगवणाऱ्या. चौघींची शैली एक नव्हतीच. म्हणून त्या एकत्र आल्यावर एका शब्दात त्यांना गुंडाळणं अवघड झालं. आम्हाला वाटतं, या प्रदर्शनाचं खरं बळ इथेच आहे.

पुढे 1992 मध्ये मलानींनी मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत थेट भिंतींवर चित्रं काढली आणि शेवटी ती पुसली गेली. नाथद्वाऱ्याच्या भित्तिचित्रांची आपण करत असलेली हेळसांड त्यांना दाखवायची होती. फिरतं प्रदर्शनही तसंच असतं. चित्रं उतरतात आणि भिंत कोरी होते. ते कुणी उभं केलं आणि त्याला किती वर्षं लागली, हे आपण सांगत राहिलो तरच टिकतं.