डेम्लो : स्थानकाचे नाव लाभलेल्या संख्या

कसाऱ्याचा घाट उतरलेला लोहमार्ग शहापूर तालुक्यातील खर्डी, आटगाव, आसनगाव ही स्थानके मागे टाकून कल्याण-डोंबिवलीस पोहोचतो. जी.आय.पी. रेल्वेच्या काळी याच डोंबिवलीला ‘डेम्लो’ म्हणत. स्थानकाचे ते नाव गेले, गणितात मात्र उरले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. शहापूर-मुरबाडप्रमाणे डहाणूही तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. १९३० ते १९६२ ते देवळालीस शाळेत शिक्षक होते. त्यांचा ६१७४ सर्वांना ठाऊक. डेम्लो संख्या त्या मानाने उपेक्षित. या संख्या ज्या स्थानकावर सुचल्या, त्याचेच नाव त्यांनी त्यांना दिले.

नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, तीच. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने तिला निःशेष भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. ही संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही!

दहा एक घेतले की मात्र मध्यावर बेरीज दहा होते, हातचा येतो आणि डौल मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाचे संशोधन अनेक गणितज्ञांनी करमणूक मानून बाजूस सारले. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कापरेकरांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.