खुलताबादचा अंगरखा

वेरूळची लेणी पाहून खुलताबादेस येणारा प्रवासी औरंगजेबाची उघडी कबर पाहतो आणि माघारी फिरतो. त्याच आवारात, शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात, पैगंबरांचा म्हणून मानलेला अंगरखा जपलेला आहे, हे त्याच्या गावीही नसते. समोर, १३३७ साली वारलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात पैगंबरांच्या दाढीचे केस आहेत. अंगरख्याचे दर्शन वर्षातून एकदाच, रबी-उल-अव्वलच्या बाराव्या तारखेस. लोक दरूद म्हणत पुढे सरकतात.

वस्त्र खरेच त्यांचे काय, हे इतिहासकाराने विचारावे. आळंदीच्या पादुकांपुढे वाकणारा वारकरी तरी कोठे दाखला मागतो? मुसलमानांतला वाद निराळाच आहे. अजानेत पैगंबरांचे नाव येताच अंगठे चुंबून डोळ्यांना लावावेत, सलाम उभ्यानेच म्हणावा, ही बरेलवींची ताजीम. देवबंदी उलेमांच्या मते ती धर्मात मागाहून घुसलेली भर. उपासना अल्लाची, पैगंबरांचा आदर, हे दोघांनाही मान्य. रेघ कोठे ओढायची, एवढाच तंटा.

‘फतावा-ए-आलमगिरी’ सिद्ध करविणारा कर्मठ औरंगजेब १७०७ साली अहमदनगरास वारला. कबर मात्र त्याने मागितली ती याच पिरापाशी.